आश्रय आणि आश्वासन

आणीबाणीच्या प्रसंगी नागरिकांनी काय करावे हे सांगणाऱ्या सूचनापुस्तिकांना साहित्याच्या दालनात सहसा कोणी प्रवेश देत नाही. त्या सरकारी मुद्रणालयात छापल्या जातात, फुकट वाटल्या जातात आणि काही दिवसांनी फडताळातील डब्यांखाली अंथरल्या जातात. वस्तुतः त्यांनाही एक निवेदक असतो, एक गृहीत वाचक असतो, आणि त्या काही सांगतात तसेच काही दडवतातही. म्हणून समीक्षेचे निकष त्यांनाही लावता येतात. किंबहुना ज्या लिखाणावर माणसाचा जीव अवलंबून राहू शकतो, त्याला ते अधिक काटेकोरपणे लावले पाहिजेत. प्रस्तुत लेखात आम्ही अणुहल्ल्यापासून नागरी संरक्षण या विषयावरील काही लिखाण त्या दृष्टीने वाचून पाहणार आहोत.

या वाचनाला निमित्त आहे. ७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशानुसार देशभरातील नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्यात आला. अशा जिल्ह्यांची संख्या २४४ आहे. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवणे, नागरिकांना प्रशिक्षण देणे, अचानक दिवे मालवणे, महत्त्वाचे कारखाने झाकून दिसेनासे करणे आणि लोकांना हलवण्याच्या योजना तपासणे, असे त्याचे स्वरूप होते. महाराष्ट्राच्या यादीत मुंबई, उरण आणि तारापूर ही ठिकाणे पहिल्या श्रेणीत होती. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर हे एकच नाव होते. परभणीचे नाव यादीत नव्हते. त्या आठवड्यात आमच्या भागात दोन प्रकारची मते ऐकू आली. एक असे की, आपल्यावर कोण कशाला बॉम्ब टाकील, आपण सुरक्षित आहोत. दुसरे असे की, अणुबॉम्ब पडलाच तर सगळेच संपणार, मग हे भोंगे आणि काळे पडदे कशासाठी? ही दोन्ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, परंतु दोहोंचा निष्कर्ष एकच आहे: आपण काही करण्याची गरज नाही. आम्हांस हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. तो का चुकीचा आहे, हे पुस्तकांच्याच साहाय्याने पाहू.

आपल्याकडे नागरी संरक्षणाची परंपरा नवी नाही. नागपूर येथे १९५७ साली केंद्र सरकारने आपत्कालीन मदतकार्याची प्रशिक्षण संस्था स्थापन केली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईकरांनी खिडक्यांना काळे कागद लावले होते, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग फासला होता. पण ही सारी परंपरा विमानातून पडणाऱ्या साध्या बॉम्बची आहे. वैमानिकाला दिवा दिसला नाही तर नेम चुकेल, हा तिचा तर्क होता आणि तो त्या काळापुरता योग्यही होता. अण्वस्त्राला दिवा दिसण्याची गरज नसते. म्हणून जुन्या सूचनांची भाषा नव्या शस्त्राला जशीच्या तशी लावली की शब्द तेच राहतात, अर्थ मात्र निघून जातो. त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते.

ब्रिटिश सरकारने १९८० साली एक छोटी पुस्तिका विक्रीस काढली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ 'बचाव करा आणि जगा' असा होईल. घरातील आतल्या खोलीत दारांच्या फळ्या भिंतीला तिरप्या टेकवून त्यावर मातीच्या पिशव्या रचाव्यात, चौदा दिवसांचे अन्नपाणी साठवावे, खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग द्यावा, अशा सूचना तिच्यात आहेत. घरात कोणी मरण पावल्यास काय करावे, हेही तितक्याच शांतपणे सांगितले आहे. सूचना सुबोध आहेत, चित्रे नीटस आहेत. समीक्षक म्हणून आमचा आक्षेप तिच्या सूचनांवर नसून तिच्या मौनावर आहे. चौदा दिवसांनी दार उघडल्यावर बाहेर काय असेल, याविषयी ती जवळजवळ काहीच बोलत नाही. रुग्णालय उभे असेल काय, नळाला पाणी येईल काय, शेतात पेरता येईल काय, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेर आहेत. पंधरावा दिवस हा पहिल्या दिवसाआधीच्या दिवसासारखा असेल, असे ती वाचकाला न सांगताच सुचवते.

त्या पुस्तिकेला रेमंड ब्रिग्ज या चित्रकार-लेखकाने १९८२ साली एका चित्रकथेने उत्तर दिले. खेड्यात राहणारे एक भाबडे वृद्ध जोडपे सरकारी सूचनांप्रमाणे आश्रय उभारते आणि तरीही किरणोत्सर्गाने हळूहळू खंगत मरते, अशी ती कथा आहे. ती हृदयद्रावक आहे यात शंका नाही. तथापि बारकाईने वाचल्यास एक गोष्ट ध्यानात येते. हे जोडपे लवकरच आश्रयातून बाहेर येते, अंगणात वावरते, पावसाचे पाणी पिते. म्हणजे लेखक हसतो सूचनांना, पण त्याची पात्रे दगावतात ती बऱ्याच अंशी सूचना न कळल्यामुळे. ब्रिग्जचा उपहास सरकारच्या निष्काळजी आश्वासनापुरता न्याय्य आहे. मात्र 'कोणतीच काळजी उपयोगाची नाही' असा बोध वाचक त्यातून घेतो, तेव्हा तो पुराव्याच्या पलीकडे जातो. पुस्तिका खोटी आशा देते आणि चित्रकथा पूर्ण निराशा देते. सत्य कोठे आहे हे पाहण्यासाठी जेथे हे खरोखर घडले तेथे जावे लागते.

जॉन हर्सी या अमेरिकन पत्रकाराचे 'हिरोशिमा' हे लेखन ३१ ऑगस्ट १९४६ च्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. तो संपूर्ण अंक त्याला दिला होता. सहा जिवंत राहिलेल्या माणसांची हकीकत त्यात आहे: दोन डॉक्टर, एक शिंपीकाम करणारी विधवा, कचेरीतील एक तरुणी, एक मेथडिस्ट पाळक आणि फादर विल्हेल्म क्लाइनसॉर्गे हे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू. हर्सीची शैली कोरडी म्हणावी इतकी संयत आहे. तो विशेषणे वापरत नाही, वाचकाला रडण्याची आज्ञा करत नाही. म्हणूनच त्याचे आकडे मनात रुततात. शहरात दीडशे डॉक्टर होते, त्यांपैकी ६५ जागीच गेले आणि उरलेल्यांतील बहुतेक जखमी झाले. १,७८० परिचारिकांपैकी १,६५४ मृत किंवा काम करू न शकणाऱ्या अवस्थेत होत्या. रेड क्रॉस रुग्णालयात तीस डॉक्टरांपैकी सहाजण आणि दोनशेहून अधिक परिचारिकांपैकी दहाजणी तेवढ्या उभ्या राहू शकत होत्या.

नागरी संरक्षणाची मर्यादा या आकड्यांत आहे. पूर येतो, भूकंप होतो, तेव्हा जखमी एका ठिकाणी असतात आणि मदत दुसऱ्या ठिकाणाहून येते. अण्वस्त्र जखमी माणसाला आणि त्याला उचलणाऱ्याला एकाच क्षणी पाडते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे डॉ. मार्सेल ज्युनो औषधांच्या साठ्यासह हिरोशिमात पोहोचले तो दिवस ८ सप्टेंबर १९४५ होता. म्हणजे महिना उलटून गेला होता.

आणखी एक वस्तुस्थिती आम्हांस अधिक अस्वस्थ करते. ६ ऑगस्टच्या सकाळी हिरोशिमात हजारो शाळकरी मुले उघड्यावर कामाला जुंपलेली होती. काम कोणते? आगी पसरू नयेत म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे. ते नागरी संरक्षणाचेच काम होते. त्या मुलांपैकी सहा हजारांच्या आसपास मृत्युमुखी पडली. धोक्याचा भोंगा पहाटेनंतर वाजून गेला होता आणि साडेसातच्या सुमारास धोका टळल्याची खूणही मिळाली होती. सव्वाआठला बॉम्ब पडला. शहराने मागच्या युद्धाची तयारी मनोभावे केली होती, आणि त्या तयारीनेच मुलांना भिंतींच्या आडोशातून बाहेर काढले. चुकीच्या संकटाची तयारी निरुपद्रवी नसते, हा धडा कोणत्याही सराव समितीने विसरू नये.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सारेच व्यर्थ. परंतु त्याच शहरांनी उलट साक्षही दिली आहे. स्फोटबिंदूपासून अवघ्या १७० मीटरवर एका इमारतीच्या तळघरात कागद आणण्यासाठी गेलेले एइझो नोमुरा हे गृहस्थ वाचले आणि १९८२ पर्यंत जगले. नागासाकीत डोंगरात खोदलेल्या बोगद्यांत शहराच्या सुमारे तीस टक्के लोकांना पुरेल एवढी जागा होती. बॉम्ब पडला तेव्हा त्यांत सुमारे चारशेच माणसे होती. युद्धानंतर पाहणी करणाऱ्या अमेरिकन मंडळाला आढळले की, बोगद्यांच्या तोंडाशी असलेले सोडून आतील लोक सुखरूप राहिले. बोगद्यांनी आपले काम केले, पण लोकांना तेथे जाण्याची वेळच मिळाली नाही. आश्रयाचे मोल आणि आश्रयाची मर्यादा या एकाच घटनेत एकत्र पाहावयास मिळते.

हर्सीच्या पुस्तकातील असाच एक तपशील ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. फादर क्लाइनसॉर्गे राहत होते ते नोबोरी-चो भागातील मिशनचे घर स्फोटात कोसळले नाही. का? ब्रदर ग्रोपर नावाच्या येशूसंघीय बंधूंना भूकंपाची फार धास्ती होती. त्यांनी त्या घराला आधाराच्या तुळया दुहेरी ठोकून ते भक्कम केले होते. आजूबाजूची घरे झोपली आणि हे घर उभे राहिले. आपल्याकडे या प्रसंगाची एक भाविक कथा फिरत असते. ती अशी की, धर्मगुरू रोज जपमाळेची प्रार्थना करीत, म्हणून त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही आणि किरणोत्सर्गाचा त्यांना कधीच त्रास झाला नाही. ही कथा मोठ्या श्रद्धेने सांगितली जाते, म्हणून तिच्याविषयी आम्ही आदरानेच पण स्पष्ट बोलू. हर्सीने लिहिल्याप्रमाणे घरातील दोन धर्मगुरूंना काचांनी बऱ्याच जखमा झाल्या होत्या. फादर क्लाइनसॉर्गे यांना तर किरणोत्सर्गाचा आजार पुढे आयुष्यभर पुरला. जपानी नागरिकत्व घेऊन, तेथील लोकांचे होऊन, ते १९७७ साली निवर्तले.

प्रार्थनेचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण भाविक कथेने ब्रदर ग्रोपर यांच्या तुळया पुसून टाकल्या, ही आमची तक्रार आहे. हातोडा आणि खिळे घेऊन इतरांच्या जिवासाठी केलेले ते काम हीदेखील प्रार्थनाच नव्हती काय? शिवाय त्या कथेला नागासाकीत उत्तर मिळते. ९ ऑगस्ट रोजी बॉम्ब पडला तो उराकामी या कॅथोलिक वस्तीवर. तेथील सुमारे बारा हजार श्रद्धावंतांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मरण पावले. महामंदिरात पापनिवेदन ऐकणारे दोन धर्मगुरू आणि रांगेतील भाविक एकाच क्षणी गेले. क्ष-किरण तज्ज्ञ डॉ. ताकाशी नागाई यांना आपल्या पत्नीच्या जळलेल्या अस्थींपाशी तिची वितळलेली जपमाळ सापडली. तिची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचे धाडस कोण करील? सूचनापुस्तिका वाचकाला फळ्या आणि पिशव्यांचे आश्वासन देते, भाविक कथा जपमाळेचे देते. विश्वासाचा उपयोग ताईतासारखा करणे आणि पुस्तिकेचा उपयोग ताईतासारखा करणे, या दोन्हींत फारसे अंतर नाही.

हर्सीच्या पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याची सहाही पात्रे वाचलेली आहेत. मेलेल्यांची मुलाखत घेता येत नाही हे खरे, परंतु त्यामुळे वाचकाच्या मनात नकळत असे ठसते की, धीर धरला, धावपळ केली, तर माणूस तरून जातो. त्या शहरात राबणाऱ्या हजारो कोरियन मजुरांना या पुस्तकात जवळजवळ स्थानच नाही. तरीही एका बाबतीत हे पुस्तक सर्व सूचनापुस्तिकांपेक्षा वरचढ आहे: ते सव्वाआठ वाजता संपत नाही, तेथून सुरू होते. असानो उद्यानात फादर क्लाइनसॉर्गे डोळे गेलेल्या सैनिकांना गवताच्या पोकळ काडीने पाणी पाजतात, तो प्रसंग वाचताना नागरी संरक्षण म्हणजे काय हे आपणांस प्रथम कळते. भोंगा ही त्याची केवळ सुरुवात असते. तहानलेल्याच्या ओठांपर्यंत पाणी पोहोचते की नाही, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १९९९ साली एम. व्ही. रमणा या भौतिकशास्त्रज्ञाने मुंबईवर अणुबॉम्ब पडल्यास काय होईल याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अणुयुद्धविरोधी डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो प्रकाशित केला होता. हिरोशिमाएवढ्याच, म्हणजे पंधरा किलोटन शक्तीच्या एका बॉम्बने १ लाख ६० हजारांपासून ८ लाख ६६ हजारांपर्यंत माणसे मरतील, असा त्याचा अंदाज आहे. या दोन आकड्यांतील अंतर पाहून काही वाचक अभ्यासावरच अविश्वास दाखवतील. आमच्या मते ते अंतर हाच या लेखनाचा प्रामाणिकपणा आहे. बॉम्ब कोठे पडेल, किती उंचीवर फुटेल, त्या वेळी किती माणसे कोठे असतील, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. लेखक ते लपवत नाही. सरकारी पुस्तिकेला जे जमत नाही ते येथे जमले आहे.

हे आकडे डोळ्यांसमोर आणण्यासाठी मुंबईच्याच इतिहासातील एक मोजपट्टी आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. आठशे ते तेराशे माणसे दगावली असावीत, त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. मस्जिद बंदरापर्यंतची वस्ती उद्ध्वस्त झाली. हिरोशिमाचा बॉम्ब याच्या दहापटीहून अधिक शक्तीचा होता, आणि त्यात किरणोत्सर्ग वेगळा. तरी १९४४ मध्ये शहरातील रुग्णालये उभी होती, नळ चालू होते, शेजारच्या वस्त्यांतून माणसे धावून आली. मदत करणारे शहर शिल्लक होते, म्हणून मदत मिळाली.

मग परभणीचे काय? येथे अंतराचा आणि वाऱ्याचा विचार करावा लागतो. बॉम्ब जमिनीलगत फुटला तर किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर दूरवर जाते. या धुळीचा एक सुलभ नियम आहे: वेळ सातपट झाला की किरणांची तीव्रता सुमारे दहा पटींनी घटते. पहिल्या तासाला जी तीव्रता असेल ती सात तासांनी दहावा हिस्सा उरते, दोन दिवसांनी शंभरावा आणि दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणून पहिले दोन दिवस आत राहणे हे भाबडेपण ठरत नाही. ते गणित आहे. किरणांना अडवते ते वजन. सुमारे नऊ सेंटीमीटर दाबलेली माती ती निम्म्यावर आणते, आणि फूटभर जाडीची माती जवळजवळ दहाव्या हिश्शावर. म्हणजे मराठवाड्यातील जुने, जाड भिंतींचे, मातीच्या माळवदाचे घर या कामी नव्या पत्र्याच्या घरापेक्षा कितीतरी उजवे.

पण मराठवाड्याच्या वाचकाला येथे थबकावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जवळपास दहा हजार माणसे गेली, ती याच दगडमातीच्या भिंती आणि याच माळवदाखाली. जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला धक्का परभणीतही जाणवला, तेव्हा लोक घराबाहेर धावले ते योग्यच होते. एका संकटात जे छत वाचवते ते दुसऱ्या संकटात मारते. भूकंपात बाहेर पळा आणि किरणोत्सारी धुळीत आत राहा, या दोन सूचना एकाच घराला, एकाच आजीला सांगावयाच्या आहेत. परदेशी पुस्तिकेचे भाषांतर करून हे साधणार नाही. येथील घरे, येथील माती ज्याला ठाऊक आहे अशा माणसानेच ते लिहिले पाहिजे.

सूचनापुस्तिका ज्याला 'तुम्ही' म्हणते तो कोण, हाही प्रश्न आहे. त्याला पक्के घर आहे, आतली खोली आहे, चौदा दिवसांचे धान्य विकत घेण्याइतका पैसा आहे. दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कारखान्याच्या रानात पाचटाच्या कोपीत महिनोन्महिने राहतात. त्यांना 'घरात थांबा' ही सूचना कशी लागू करायची? ज्या सूचनेत गावातील शाळा, मंदिर, मशीद, चर्च आणि बाजार समितीची गोदामे सर्वांसाठी खुली करण्याचा उल्लेख नाही, ती सूचना नागरिकांची नसून घरमालकांची आहे असे आम्ही म्हणू. नागरी संरक्षणाच्या लिखाणाची नैतिक कसोटी येथे लागते: त्यात सर्वांत उघड्यावरच्या माणसाला जागा आहे काय?

हिरोशिमाच्या वाङ्मयात आणखी एक स्थळ आहे, ज्याकडे परभणीच्या वाचकाने आरशासारखे पाहावे. शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर नागात्सुका येथे येशूसंघाचे नवशिक्यांचे निवासगृह होते. तेथील प्रमुख फादर पेद्रो आरुपे यांनी धर्मगुरू होण्यापूर्वी वैद्यकाचा अभ्यास केला होता. स्फोटाने घराची दारे-खिडक्या उडाल्या, पण घर उभे राहिले. त्यांनी प्रार्थनामंदिराचेही रुग्णालय केले आणि दीडशेहून अधिक जखमींना आत घेतले. औषध म्हणून हाती होती ती मुख्यतः बोरिक पावडर. जखमा धुणे, स्वच्छ ठेवणे, अन्न-पाणी देणे, एवढ्यावर त्यांतील बहुतेक सर्व वाचले. हेच फादर आरुपे पुढे १९६५ ते १९८३ या काळात येशूसंघाचे महाधिपती होते.

मुंबई किंवा पुण्यावर असे संकट कोसळले तर परभणी हे त्या संकटाचे नोबोरी-चो नसेल, नागात्सुका असेल. आपल्या जिल्ह्यातील किती घरांची मुले मुंबई-पुण्यात कामाला आहेत, हे प्रत्येक धर्मग्रामाच्या कुटुंबनोंदीत दिसते. वाचलेले लोक मनमाडमार्गे, नगरमार्गे, मिळेल त्या वाहनाने आपापल्या गावी परततील. परभणी आणि पूर्णा ही रेल्वेची जंक्शने आहेत. भाजलेली, भेदरलेली, कपड्यांवर धूळ असलेली माणसे दाराशी येतील. त्यांना अंगावरचे कपडे उतरवून आंघोळ घालावी, की भीतीने दार लावून घ्यावे? किरणोत्सर्गाने आजारी पडलेला माणूस संसर्गजन्य नसतो, एवढे साधे ज्ञान नसल्यामुळे जपानमध्ये वाचलेल्यांना पुढे विवाहात आणि नोकरीत बहिष्कार सोसावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून परतणाऱ्यांना गावोगावी काय अनुभव आले, ते आपण पाहिलेच आहे. म्हणून यादीत नाव नसणे म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे.

असो. येथवर आम्ही नागरी संरक्षणाची बाजू मांडली. आता त्याची दुसरी बाजू सांगितल्याखेरीज हा लेख स्वतःच एक दिशाभूल करणारी पुस्तिका ठरेल. आश्रयाचे ज्ञान आवश्यक आहे, परंतु त्या ज्ञानामुळे 'अणुयुद्ध निभावून नेता येते' असा समज पसरला तर त्याने केलेले हित त्याने केलेल्या अहितापुढे फिके पडेल. केंद्राजवळच्या लक्षावधींना कोणतीही पुस्तिका वाचवू शकत नाही. एका बॉम्बच्या कडेवरील माणसांना ती वाचवू शकते. अनेक बॉम्ब पडले तर कडाच उरत नाहीत. ही तीन वाक्ये ज्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर नाहीत, तिच्यावर आमचा विश्वास बसणार नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका या बाबतीत उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली शांततेवरील परिपत्रकात अण्वस्त्रांवर बंदीची मागणी केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संपूर्ण शहरे सरसकट नष्ट करणारे युद्धकृत्य हा देव आणि मानव यांच्याविरुद्धचा अपराध ठरवला. पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१९ रोजी हिरोशिमात उभे राहून अण्वस्त्रांचा केवळ वापरच नव्हे, तर ती बाळगणेही अनैतिक असल्याचे सांगितले. अण्वस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार २०२१ पासून अमलात आला आहे. व्हॅटिकनने त्याला मान्यता दिली आहे, भारत आणि पाकिस्तान यांनी दिलेली नाही. १९९८ च्या मे महिन्यात दोन्ही देशांनी केलेल्या चाचण्यांविषयी आमच्या वाचकांत मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. सभोवतालच्या धोक्यांमुळे देशाला हे शस्त्र हवे, असे मानणारे सज्जनही आपल्यात आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याचे हे स्थळ नाही. मात्र त्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल: हे शस्त्र ज्यांच्यावर पडेल त्यांतही उसाच्या कोपीतील बाई असेल, रांगेत उभा असलेला भाविक असेल आणि शाळेची मुले असतील. ती सीमेच्या कोणत्या बाजूची, याने तिच्या तहानेत फरक पडत नाही.

आम्हांस मराठीत अशी एक पुस्तिका हवी आहे जी सूचना नेमक्या देईल आणि मर्यादाही तितक्याच नेमक्या सांगेल, जिच्यात कोपीचा आणि माळवदाचा उल्लेख असेल, आणि जी परतून आलेल्या पाहुण्याला दार कसे उघडावे हे शिकवील. तोपर्यंत आपण बसून राहण्याची गरज नाही. प्रथमोपचाराचे आणि भाजलेल्याची शुश्रूषा करण्याचे शिक्षण प्रत्येक धर्मग्रामात दहा तरुण-तरुणींना देता येईल. चर्चच्या आणि शाळेच्या आवारातील विहीर, टाकी आणि धान्याची कोठी यांची नोंद ठेवता येईल. इमारतींच्या भिंतींना आणि छतांना आधार आहे की नाही, हे जाणकार गवंड्याकडून तपासून घेता येईल. ही कामे भूकंपात, पुरात, आगीतही उपयोगी पडतील. आणि दरवर्षी ६ व ९ ऑगस्ट रोजी मिस्साबलिदानात हिरोशिमा व नागासाकीच्या मृतांचे स्मरण करताना, त्यांच्यासाठी प्रार्थनेबरोबरच हे शस्त्र जगातून नाहीसे व्हावे अशी मागणी आपण मोठ्याने उच्चारावी. तुळया ठोकण्याचे काम आणि ही प्रार्थना, दोन्ही त्याच आठवड्यात व्हावीत.